सोर्नव्हालच्या ढालीवरचा हात

१

मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोन ते सहा. सव्वीस वर्षं हेच चाललंय. सोर्नव्हालच्या पंचायतीची कचेरी मी उघडते, हीटर लावते, खिडकीतल्या जिरेनियमला पाणी घालते आणि टेबलाशी बसते. एकशे त्रेचाळीस माणसांचं गाव. जन्म, लग्न, मरण, शेजाऱ्याच्या कोंबड्याची तक्रार, सगळं माझ्या टेबलावरून जातं. मेयर येतात, सही करतात आणि जातात. काम मी करते. बढाई मारत नाही, कुणालाही विचारा.

कचेरीच्या मागे सभागृह आहे. सभा तिथेच होतात, लग्नं तिथेच लागतात. त्याच्या उत्तरेच्या भिंतीवर, कपाटाला लागून, छातीच्या उंचीवर गिलाव्याचा एक भाग होता, हातांनी काळा आणि तुळतुळीत झालेला. सभागृहातून जो शेवटी निघेल त्याने तिथे उजवा हात ठेवायचा, जरा दाबायचा आणि मग दिवा मालवायचा, ही गावाची रीत. का, ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी परगावी निघालं तरी आमच्याकडे दारातून विचारतात, "हात लावलास ना?" म्हणजे गॅस बंद केलास ना, कुलूप लावलंस ना, अशातलं ते. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण सव्वीस वर्षं आठवड्यातून दोनदा मी हात लावत आले. सवयीला काय औषध आहे?

तीन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ रेजी मेयर झाला. निवडून आल्या दिवशी कचेरीत येऊन माझ्या खुर्चीपुढे वाकून म्हणाला, "खऱ्या मेयरबाई, आज्ञा करा." असा तो. लहानपणापासून थट्टेखोर. आई लवकर गेली, त्यामुळे त्याचं सगळं मीच केलं. तो एकोणीस वर्षांचा असताना लाकडाच्या कारखान्यात करवतीखाली त्याचं बोट गेलं. उजव्या हाताची अनामिका, वरचं पेर. बाबा गाडी हाकत होते, मागच्या सीटवर मी त्याचा हात टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते. रस्त्यात खड्डा आला की तो दुसऱ्या हाताने माझं मनगट आवळायचा. उजवा हात होता तो. हे मी आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे यावरूनच सगळा घोळ आहे.

२

सप्टेंबरात वारसा दिन असतो. त्या दिवशी गावोगावच्या जुन्या इमारती लोकांना बघायला उघडतात. शेजारच्या गावाने आपला धुण्याचा हौद साफ करून घेतला आणि वर्तमानपत्रात फोटो आला. झालं, रेजीच्या डोक्यात किडा शिरला. हल्ली आमच्याकडे एक खूळ आहे. जुनी भिंत दिसली की गिलावा खरवडायचा आणि आतला दगड उघडा करायचा. आजोबांनी थंडी-वाऱ्यापासून वाचायला जे लिंपलं, ते नातवंडं हौसेने उकरून काढतात. सभागृहाची उत्तरेची भिंत खरवडायचा ठराव एकमताने झाला. मीच तो टाइप केला.

गवंड्याने ऑगस्टच्या शेवटी काम काढलं. तिसऱ्या दिवशी त्या काळ्या भागाच्या खालून कोरलेला दगड निघाला. दीड हात उंच ढाल. तिच्यावर एक मनोरा, मनोऱ्याला बंद दार, एका अंगाला चंद्रकोर आणि दारावर एक हात, अख्ख्या दाराएवढा.

गावाला आनंद झाला. आपल्याला मानचिन्ह आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. गिलावा का, याचं उत्तर सगळ्यांनी लगेच दिलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी सरदारांची चिन्हं हातोड्याने फोडायचा हुकूम होता. हुशार पूर्वजांनी वर गिलावा चढवून ती वाचवली. आमच्या भागात अशी गोष्ट दर दोन गावांमागे एका गावात सांगतात, आणि बहुतेक ठिकाणी ती खरीही असते. मलाही पटली.

रेजीने जिल्ह्याच्या दप्तरखान्यातून निवृत्त झालेल्या मस्ये देमांजना बोलावलं. मानचिन्हांचा अभ्यास हेच त्यांचं आयुष्य. किडकिडीत, नेहमी मफलर, बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघणारे. त्यांनी वहीत चित्र काढून घेतलं आणि मी टिपणं. जानेवारीच्या गावपत्रिकेत 'आपल्या मानचिन्हाचा अर्थ आणि उगम' यावर बारा ओळी लिहायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं होतं.

"चंद्रकोर डावीकडे," मी म्हणत म्हणत लिहिलं.

"उजवीकडे, मादाम," देमांज म्हणाले.

"मला डावीकडे दिसतेय."

"तुम्हाला दिसेल. पण ढालीच्या बाजू बघणाऱ्याकडून मोजत नाहीत, ढाल धरणाऱ्याकडून मोजतात. मागे जो उभा असतो त्याची उजवी, ती उजवी. सगळे इथेच चुकतात."

"आणि मागे कोण उभा असतो?" रेजीने विचारलं.

"कुणी नाही. मागे भिंत आहे. ही फक्त लिहायची रीत."

मग ते दारावरच्या हाताशी थांबले. उघडा हात बहुधा स्वागताचा असतो, म्हणाले, पण मग तळवा समोर दिसायला हवा. इथे नखं कोरली होती. पाची बोटांची नखं, अगदी निगुतीने. म्हणजे हाताची पाठ आपल्याकडे आणि तळवा दाराकडे. "कारागीर अडाणी असावा," ते म्हणाले आणि वहीत तसं नोंदवलं.

तेवढ्यात एर्मिनआजी काठी टेकत आल्या. एक्याण्णव वर्षं वय, गावात सगळ्यांत थोरल्या. त्यांनी दगडाकडे बघितलं आणि दारातच थांबल्या.

"गिलावा कधी लावणार?" त्यांनी विचारलं.

"लावायचा नाही, आजी," रेजी म्हणाला. "आता हे असंच राहणार. सुंदर दिसतंय ना?"

"माझ्या आईच्या वेळी पडला होता. जेवणाआधी लावला होता. माणसं उपाशी कामाला लागली होती."

"का पण?"

"मी सहा वर्षांची होते रे. मला कोण सांगतंय?"

रेजी हसला. "बरं, हात तर लावू या. रीत ती रीत." आणि त्याने आपला उजवा हात त्या दगडी हातावर ठेवला. पाठीवर तळवा, बोटावर बोट. बरोब्बर बसला. अंगठाही जागच्या जागी. फक्त अनामिकेशी दगडाचं एक नख उघडं राहिलं.

"माझ्याच मापाचा आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "गार नाहीये."

आम्ही वाट बघत होतो. तो हात काढीना.

"पुरे झालं रेजी, देमांजसाहेबांना गाडी गाठायचीय," मी म्हटलं.

"अगं, सुटत नाहीये," तो हसत म्हणाला. लहानपणी बरणीत हात अडकल्याचं सोंग करायचा, तसंच तोंड केलं होतं. मी त्याच्या खांद्यावर चापट मारली आणि हात सुटला. सगळे हसलो. एर्मिनआजी तेवढ्या हसल्या नाहीत, पण त्या तशाही फारशा हसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गवंड्याने दगडावर जाड काच बसवली, चार स्क्रू लावून, लोकांच्या हातांनी खराब होऊ नये म्हणून. वारसा दिन झकास झाला. चाळीस माणसं आली, मिराबेल प्लमचे सात टार्ट संपले, वर्तमानपत्रात फोटो आला. त्या संध्याकाळी शेवटी निघाले मी. सवयीने हात पुढे केला, तो काचेला लागला. काय करणार, दिवा मालवला आणि निघाले.

३

त्यानंतरच्या मंगळवारी रेजी सह्या करायला आला. सहा कागद होते. मी समोर बसून एकेक सरकवत होते. चौथ्या कागदावर मला काहीतरी खुपलं. काय ते कळेना. मग कळलं. पेन माझ्या उजव्या हाताच्या समोर होतं. एरवी ते डावीकडे असतं.

तो डाव्या हाताने सही करत होता. सही तीच, शेवटचा झोका तोच.

"हाताला काय झालं?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"उजव्या. डाव्याने लिहितोयस."

तो थांबला. आपल्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आर्लेत, मी नेहमी याच हाताने लिहितो."

पेन धरलेल्या त्या हाताची अनामिका आखूड होती.

माणसाने आधी स्वतःला तपासावं. समोर बसलेल्या माणसाची उजवी माझी डावी, हे देमांजनी नुकतंच शिकवलं होतं, तरी डोकं कधी कधी गरकन फिरतं. मी उठले, कपाटातून फाइल काढायचं निमित्त केलं आणि त्याच्या मागे जाऊन, तो बघत होता त्याच दिशेला तोंड करून उभी राहिले. माझा उजवा हात वर केला. ज्या हाताने मी टेलिफोन उचलते, पाव कापते, तो. रेजीचं पेन दुसऱ्या बाजूला होतं. थोटं बोट दुसऱ्या बाजूला होतं. केसांचा भांगही दुसऱ्या बाजूला होता, हे मागून दिसलं.

"काय बघतेस मानगुटीवर?" तो म्हणाला.

"केस कापायला झालेत."

"घरी मारिव्होनही हेच म्हणते," तो म्हणाला, आणि पेनाला टोपण लावलं.

आवाज त्याचाच होता. थट्टाही त्याचीच. मला भीती वाटली आणि त्या भीतीची लाजही वाटली. छप्पन्नाव्या वर्षी बाई आपल्या सख्ख्या भावाचा हात ओळखायला चुकते, म्हणजे माझंच काहीतरी बिघडलं असणार. आमच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. ती आधी चमचे चुकीच्या खणात ठेवायची.

घरी जाऊन फोटो काढले. रेजी फोटोत नेहमी हात खिशात घालतो, त्या बोटापायी. तासभर शोधल्यावर एक सापडला, त्याच्या लग्नातला. ग्लास उंचावलाय. ग्लास धरलेला हात उजवा, आणि त्यावर चार अख्खी बोटं नि एक थोटं. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण मग मनात आलं, फोटो छापताना उलटा छापला गेला असेल तर? मागच्या भिंतीवर काही अक्षरं असती तर ठरवता आलं असतं. मागे नुसती द्राक्षाची वेल होती.

४

अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या दिवशी, हुतात्मा स्तंभापाशी मेयर फुलं वाहतो. अंगावर तिरंगी पट्टा, उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला. सरकारी नियम आहे तो, आणि पट्टा घालून देणं माझं काम आहे. त्या सकाळी रेजीने तो स्वतःच घातला होता, डाव्या खांद्यावरून. मी काढला आणि नीट घातला. पाच मिनिटांनी बघते तर परत उलटा.

"लोक बघतायत," मी दबक्या आवाजात म्हटलं.

"मला तसा ओढल्यासारखा होतो गं," तो म्हणाला. खरंच कळवळून म्हणाला. मी सोडून दिलं. गावात कुणाच्या लक्षातही आलं नाही, फक्त एर्मिनआजींनी रेजी जवळ येताच हात शालीखाली घेतले.

समारंभानंतर मी मारिव्होनच्या स्वयंपाकघरात गेले. रेजीची बायको. धडधाकट, मोठ्याने बोलणारी बाई, कुणाला न घाबरणारी. ती बटाटे सोलत होती. मी लग्नातला फोटो टेबलावर ठेवला. तिने बघितला आणि सोलणं थांबवलं नाही.

"त्याला कुणी काही विचारायचं नाही, आर्लेत," ती म्हणाली.

"म्हणजे तुलाही दिसतंय."

"अंगठी दुसऱ्या हातात घातलीय. बोट सुजलं म्हणाला. पलंगाची बाजू बदलून मागितली. दिली. दाराची मूठ धरताना आधी चुकीकडे हात जातो. जाऊ दे." तिने एक बटाटा पाण्यात टाकला. "पंचवीस वर्षं मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून झोपते. एका कानाने ठोके ऐकायची सवय आहे. आता तिकडे काही ऐकू येत नाही."

मी बसले.

"पलीकडे येतात," ती म्हणाली. "डॉक्टरांना विचारलं. कुणाकुणाचं काळीज जन्मतःच उजवीकडे असतं म्हणाले, चाळीस-पन्नास वर्षं पत्ताही लागत नाही. हसत होते. कुतूहलाची केस म्हणाले."

"तुला पटलं?"

"मला पटवून घ्यायचंय. तो चांगला वागतो, आर्लेत. आधीपेक्षा चांगला. भांडी घासतो." आणि तेव्हा ती रडायला लागली, सुरी हातात तशीच धरून. "माझा नवरा कुठाय ते मला सांगू नकोस. तुला माहीत असलं तरी सांगू नकोस."

मला कुठे माहीत होतं? मी तिचा खांदा थोपटत बसले. बाहेर अंगणात रेजी कुत्र्याशी बोलत होता, नेहमीसारखा, लाडाने. कुत्रा शेपटी हलवत होता. त्यालाही काही वावगं वाटत नव्हतं.

५

डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी कचेरीत आले तर सभागृहातली काच नव्हती. रेजी स्क्रू खिशात टाकत होता.

"गावाची रीत मोडायला नको," तो म्हणाला. "शेवटी निघेल त्याने हात लावायचाच. मी सगळ्या सभासदांना सांगितलंय."

"तू लावतोस?"

"मी शेवटी निघत नाही ना. शेवटी तूच निघतेस."

त्या संध्याकाळी मी न बघताच दगडाच्या कडेला हात टेकवला आणि दिवा मालवला.

त्याच दिवशी पत्र टाकून मी देमांजना बोलावलं. निमित्त खरंच होतं. गावाच्या वेशीवर मानचिन्हाची पाटी लावायची होती आणि चित्र पडताळायचं होतं. पुढच्या मंगळवारी ते मफलर गुंडाळून आले, वही उघडून दगडापुढे उभे राहिले आणि बराच वेळ वहीत नि दगडात बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले.

"मी म्हातारा झालो, मादाम," ते म्हणाले. "नखं, असं लिहिलंय मी. हाताची पाठ. अंगठा आपल्या डावीकडे. चित्रही तसंच काढलंय. कसं काय, कोण जाणे."

मी जवळ गेले. गेले तीन महिने मी त्या दगडाकडे नीट बघितलंच नव्हतं, हे तेव्हा मला कळलं. बघायचं टाळत होते. दारावरच्या हाताला नखं नव्हती. तळवा होता. तळव्यावर रेषा होत्या, अंगठ्याच्या मुळाशी उंचवटा होता आणि अंगठा आमच्या उजवीकडे होता.

"तुम्ही चुकला नाहीत," मी म्हटलं. "नखं होती. मीही बघितली."

"मी सांगितलं म्हणून तुम्हाला दिसली असतील," ते दुःखाने म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती. कृपा करून हे कुणाला सांगू नका." त्यांनी रबराने चित्र खोडलं आणि नवं काढलं. "तुमचं काम उलट सोपं झालं. तळवा समोर म्हणजे स्वागत. गाव पाहुण्याला हात उघडून दाखवतं. लिहा तसंच."

"आणि हे बोट?"

अनामिका आखूड होती. वरचं पेर नव्हतं.

"गवंड्याची छिन्नी लागली असेल. पाटीवर पूर्ण दाखवू." त्यांनी वही मिटली. माणूस विद्वान होता, प्रामाणिकही होता, आणि माझ्या काही उपयोगाचा नव्हता.

ते गेल्यावर मी भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले. तिथे बसथांबा आहे. दोन मुली दप्तरं घेऊन बाकावर बसल्या होत्या. भिंत सपाट, खाली खाजकुयली, वर बसचं वेळापत्रक. मी पावलं मोजली. भिंत हातभर जाड आहे, जेमतेम. तिच्यात मांजर बसणार नाही.

मग एर्मिनआजींकडे गेले. त्या सूप पीत होत्या. मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी. त्यांनी वाटी ठेवली.

"मी हात लावणं बंद केलं तर काय होईल, आजी? तो सुटेल का?"

"तो सुटेल की नाही मला ठाऊक नाही, पोरी."

"मग कोण सुटेल?"

"कुणी हात काढून बघितलाच नाही." त्यांनी वाटी पुन्हा उचलली. "आई म्हणायची, दार एकट्यासाठी उघडत नाही. एवढंच म्हणायची. मग आम्हाला झोपायला पाठवायची."

६

नाताळाआधीच्या शुक्रवारी मी बारा ओळी लिहून काढल्या. एक मनोरा, बंद दार, उजव्या अंगाला चंद्रकोर. दारावरचा हात ही गावाच्या आतिथ्याची खूण होय. उगम अज्ञात. रेजी आला, माझ्या खांद्यावरून वाचत उभा राहिला.

"उजवी बरोबर लिहिलीस," तो म्हणाला. "पूर्वी मला ती नेहमी उजवीकडेच दिसायची."

त्याने डाव्या हाताने खाली सही केली आणि कोट चढवायला बाहेर गेला. सहा वाजले होते. मी सभागृहात गेले. मनाशी ठरवलं होतं की आज हात लावायचा नाही. आज नाही, मंगळवारी नाही, पुन्हा कधीच नाही. काय व्हायचं ते होवो, माझा भाऊ तिथे आहे.

तरी एकदा, फक्त भेटावं म्हणून, मी हात पुढे केला. उजवा बसेना. डावा बसला. तळव्याला तळवा, बोटाला बोट, आणि माझ्या अनामिकेच्या टोकाखाली तेवढी पोकळी. दगड गार नव्हता. तो ढकलत होता. जोर फार नव्हता. दिवसभर दार ढकलून दमलेल्या माणसाचा असावा तेवढाच होता. मी त्याच्या हाताला गाडीत तासभर धरून बसले होते. मला तो कुठेही ओळखू येईल.

"रेजी," मी म्हटलं.

जोर वाढला. मी हात सैल सोडला, काढून घेणार एवढ्यात त्याच्या मागून आणखी जोर आला. एका हाताचा नव्हता तो. खूप हातांचा होता, आणि सगळे त्याच्या पाठीला रेटत होते, आणि चुन्याची बारीक भुकटी दगडाच्या कडेने खाली सांडली.

"आर्लेत, झालं का?"

तो दारात उभा होता, कोट घालून, कोटाचा पट्टा उलट्या बाजूने बांधून. थंडीने नाक लाल झालेलं. चेहऱ्यावर काळजी होती. खरी काळजी, आमच्या बाबांसारखी.

"बाहेर मुली बसची वाट बघतायत," तो म्हणाला. "मारिव्होन गाडीत बसलीय. हात लाव आणि चल."

"लावलाय."

"नीट दाब."

मी त्याच्याकडे बघितलं. तो जवळ आला नाही. त्या भिंतीच्या जवळ तो येतच नाही.

"दाब, आर्लेत," तो हळूच म्हणाला. "उघडं राहायला नको."

बसथांब्यावर एक मुलगी हसली, भिंतीतून ऐकू आलं. माझ्या तळव्याखाली माझ्या भावाची बोटं होती, साडेचार बोटं. ती माझ्या बोटांत अडकायला बघत होती, गाडीत दुसऱ्या हाताची बोटं मनगट आवळायची तशी.

मी दुसरा हातही पहिल्यावर ठेवला, सगळं अंग रेटलं आणि दाबला. बोटं मागे जाईपर्यंत दाबला.

"झालं," मी म्हटलं.

रेजीने माझा कोट धरून ठेवला होता. मी तो घातला आणि दिवा मालवला. मंगळवारी परत यायचं आहे.